जिलाँगची आखाजी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात या सदरात ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलची तोंडओळख करून देणारे एक टिपण आले होते. क्रिकेटच्या मैदानाएवढ्या लंबगोल मैदानावर एका बाजूचे १८ खेळाडू लंबगोल चेंडू हातापायांनी खेळवतात, मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने गेलेल्या चेंडूला ६ गुण आणि त्यांच्या बाजूच्या खांबांतून गेलेल्याला १ गुण मिळतो, एवढेच त्यात सांगितले होते आणि व्हिक्टोरिया राज्यातील जिलाँग या शहराच्या क्लबचे नाव त्यात ओघाने आले होते. त्यावर इतकी पत्रे येतील अशी आमची अपेक्षा नव्हती. पत्रे वाचल्यावर उलगडा झाला, तो असा की लिहिणाऱ्यांपैकी अनेकांची मुले किंवा भाचरे शिक्षणासाठी त्या भागात आहेत. बहुतेकांचे प्रश्नही नियमांविषयी नसून हंगाम संपल्यावर तिथे जी खेळाडूंची देवघेव चालते तिच्याविषयी आहेत. ते वेळेवर आले, कारण २७ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात ब्रिस्बेनने जिलाँगला १२२ विरुद्ध ७५ असे हरवले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात हा बाजार भरतो. अनेक पत्रांत तोच प्रश्न असल्याने प्रतिनिधिक प्रश्न निवडले आहेत. नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी जिलाँगच्या डीकिन विद्यापीठात शिकते. ती सांगते की सामने संपले की तिथल्या दुकानांत, बसमध्ये, सगळीकडे ‘ट्रेड’ आणि ‘पिक’ हेच दोन शब्द ऐकू येतात. हा प्रकार आयपीएलच्या लिलावासारखाच आहे काय? (एक केळी उत्पादक, चोपडा)

उत्तर : नाही, आणि जो फरक आहे तो मुळातलाच आहे. आयपीएलमध्ये शेवटचा शब्द रकमेचा असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात ऋषभ पंतसाठी लखनौने २७ कोटी रुपये मोजले, कारण तेवढी रक्कम मोजायला दुसरा कोणी तयार नव्हता. त्याच्या वर्षभर आधी हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबईकडे परत गेला तेव्हाही गुजरातला बदल्यात खेळाडू मिळाला नव्हता. ऑस्ट्रेलियन लीगमध्ये मात्र एका क्लबने दुसऱ्या क्लबला रोख रक्कम देऊन खेळाडू विकत घ्यावा, अशी सोयच नाही. खेळाडूच्या बदल्यात दोनच गोष्टी देता येतात, एक तर दुसरा खेळाडू, नाही तर ‘पिक’.

या ‘पिक’ शब्दाचा शेतातल्या पिकाशी संबंध नाही, तरी केळी पिकवणाऱ्या वाचकाला तो तसा वाटला तर त्यात नवल नाही. गोंधळ टाळण्यासाठी आम्ही यापुढे त्याला ‘निवडक्रमांक’ म्हणू. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये देशभरातील साधारण १८ वर्षांच्या होतकरू मुलांची निवड होते, तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. लीगमध्ये १८ क्लब आहेत. त्यांना पाळीपाळीने एकेक मुलगा निवडता येतो आणि पाळीचा क्रम असा की गुणतालिकेत जो तळाला राहिला त्याची निवड पहिली, विजेत्याची अठरावी. मग दुसरी फेरी, तिसरी फेरी. आपल्याकडच्या प्रवेशाच्या गुणवत्ता यादीच्या हे नेमके उलट आहे, म्हणजे नापास झालेल्याने आधी महाविद्यालय निवडावे तसे. हेतू उघड आहे. दुबळ्याला बळ मिळावे आणि तेच ते क्लब दरवर्षी जिंकू नयेत, म्हणून १९८६ मध्ये ही पद्धत सुरू झाली आणि पाठोपाठ १९८७ मध्ये खेळाडूंच्या एकूण वेतनावर मर्यादा आली.

हा निवडक्रमांक म्हणजेच त्या बाजाराचे चलन आहे. जिलाँगकडे अठरावा क्रमांक असेल तर तो एखाद्या तयार खेळाडूच्या बदल्यात दुसऱ्या क्लबला देता येतो, दोन खालचे क्रमांक देऊन एक वरचा घेता येतो, आणि २०१५ पासून तर पुढच्या वर्षीचा क्रमांकही आजच देता येतो. इथे मात्र पिकाची उपमा चपखल बसते. पुढच्या वर्षीचा क्रमांक देणे म्हणजे पेरणीच्या आधीच पुढच्या हंगामाचा माल विकून टाकणे होय. पुढच्या वर्षी क्लब वर राहिला तर त्याने अठरावा, म्हणजे हलका क्रमांक दिलेला असतो आणि सौदा स्वस्तात पडतो; क्लब घसरून तळाला गेला तर त्याने नकळत देशातला सर्वांत गुणी मुलगा दुसऱ्याच्या ओटीत घातलेला असतो.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. आमच्याकडे प्रशासकीय बदली, विनंती बदली आणि आपसी बदली असे प्रकार आहेत. खेळाडूंची बदली यांपैकी कशात बसते? (अमळनेर)

उत्तर : सर्वांत जवळची आपसी बदली, फरक इतकाच की इथे दोन्ही कार्यालयांची आणि जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची संमती लागते. प्रशासकीय बदली तिथे नाहीच. करार चालू असलेल्या खेळाडूला क्लबने कितीही नकोसा मानला तरी त्याच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे पाठवता येत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूला सकाळी उठल्यावर कळते की आपण कालपासून दुसऱ्या शहराचे झालो. ऑस्ट्रेलियात तसे होत नाही.

विनंती बदलीचे मात्र दोन मार्ग आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत. पहिला मार्ग सेवाज्येष्ठतेचा. २०१२ च्या हंगामानंतर ‘फ्री एजन्सी’ नावाची तरतूद लागू झाली. एकाच क्लबकडे आठ वर्षे काढलेला आणि करार संपलेला खेळाडू बऱ्याच अंशी मोकळा होतो. तो क्लबमधील सर्वाधिक वेतन घेणाऱ्या वरच्या चतुर्थांशात असेल तर त्याचा मोकळेपणा मर्यादित असतो, म्हणजे नव्या क्लबने दिलेल्या देकाराची बरोबरी करून जुना क्लब त्याला अडवू शकतो. दहा वर्षे पूर्ण झाली की ही अडवणूकही संपते. असा खेळाडू गेला तर जुन्या क्लबला नुकसानभरपाई म्हणून एक निवडक्रमांक मिळतो, पण तो नवा क्लब देत नाही, लीग देते.

दुसरा मार्ग अशा खेळाडूचा, ज्याचा करार संपला आहे पण आठ वर्षे भरलेली नाहीत. त्याच्यासाठी दोन क्लबांत देवघेव व्हावी लागते. ती फिसकटली तर तो ड्राफ्टमध्ये उतरू शकतो आणि मग जुन्या क्लबच्या हाती काहीच लागत नाही. ही टांगती तलवार सर्वांना दिसत असते, म्हणून जुना क्लब नाक मुरडत का होईना, मिळेल ते घेतो.

जिलाँगचा जेरेमी कॅमेरून हे पहिल्या मार्गाचे उत्तम उदाहरण आहे. २०२० मध्ये तो सिडनीच्या पश्चिमेकडील ग्रेटर वेस्टर्न सिडनी या क्लबकडे होता आणि मर्यादित मोकळा होता. त्याने जिलाँगला जायचे ठरवले. त्याच्या क्लबला लीगची भरपाई पुरेशी वाटली नाही, म्हणून त्यांनी जिलाँगच्या देकाराची बरोबरी केली. खेळाडू ठेवून घेणे हा त्यामागचा हेतू नव्हता. जिलाँगला वाटाघाटीच्या टेबलावर बसवणे हा होता. तो सफल झाला. जिलाँगला पहिल्या फेरीतील तीन क्रमांक, म्हणजे १३, १५ आणि २०, द्यावे लागले आणि कॅमेरूनसोबत दुसऱ्या फेरीतील दोन क्रमांक परत मिळाले. नियम कागदावर क्लबच्या बाजूचे दिसत असले तरी या बाजारात खेळाडूचेच पारडे जड असते, असे आमचे मत आहे. कॅमेरूनच्या व्यवहारात किंमत ठरायला वेळ लागला, पण तो कुठे जाणार यावर वाद झालाच नाही.

प्रश्न : आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांचे (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यांचे) साल संपते आणि नवे ठरते. चांगल्या शेतकऱ्याकडे चांगला सालदार स्वतःहून येतो, हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. पण तुमच्या त्या लीगमध्ये जिंकणाऱ्याला शेवटची पाळी मिळते, तर मग जिलाँग इतकी वर्षे वरच्या फळीत कसा? (यावल)

उत्तर : प्रश्नकर्त्याने अर्धे उत्तर स्वतःच दिले आहे. २००७ ते २०२५ या १९ हंगामांत जिलाँगला केवळ २०१५ आणि २०२३ या दोनच वर्षी बाद फेरी गाठता आली नाही. २००७, २००९, २०११ आणि २०२२ ही चार विजेतेपदे त्याच काळातली. ड्राफ्टचा हिशोब पाहिला तर असे घडायला नको होते, म्हणून हे नीट उलगडून सांगणे भाग आहे.

पहिली गोष्ट, खालच्या क्रमांकावरही माणूस ओळखण्याची नजर. स्टीफन वेल्स हे अनेक दशके या क्लबच्या निवडीचे काम पाहत होते. २००१ च्या एकाच ड्राफ्टमध्ये जिलाँगने आठव्या क्रमांकावर जिमी बार्टेल, सतराव्यावर जेम्स केली, चोविसाव्यावर स्टीव्ह जॉन्सन आणि चाळिसाव्यावर धाकटा गॅरी ॲब्लेट घेतला. २००७ मध्ये पोर्ट ॲडलेडला ११९ गुणांनी चिरडून जिलाँगने ४४ वर्षांचा दुष्काळ संपवला, तेव्हा हे चौघेही मैदानात होते. जोएल सेलवूड २००६ मध्ये सातव्या क्रमांकापर्यंत घसरला, कारण त्याच्या गुडघ्याविषयी इतरांना शंका होती. तो पुढे ३५५ सामने खेळला.

दुसरी गोष्ट, वडिलांची पुण्याई. ज्याचे वडील एखाद्या क्लबकडून १०० सामने खेळले असतील त्या मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क असतो. चाळिसावा म्हणून वर ज्याचा उल्लेख केला तो ॲब्लेट याच नियमाने आला होता. बचावपटू मॅथ्यू स्कार्लेटही तसाच, आणि टॉम हॉकिन्सही तसाच. २००६ मध्ये हॉकिन्स खुल्या निवडीत अगदी वर गेला असता असे बोलले जात होते. जिलाँगने त्याला ४१ व्या क्रमांकावर घेतले. हे इतरांच्या डोळ्यांत खुपले आणि पुढच्याच वर्षापासून अशा मुलांवर इतर क्लबांना बोली लावू देण्याची पद्धत आली, म्हणजे आता वारसाची किंमत निदान बाजाराच्या आसपास तरी मोजावी लागते. आमच्या मते हा बदल योग्यच होता, जिलाँगवाल्यांना तो कडू लागला असला तरी.

तिसरी गोष्ट, आणि सालदाराचा मुद्दा इथे येतो, ती म्हणजे तयार माणसे. जिलाँग हे मेलबर्नपासून सुमारे ७५ किलोमीटरवरचे, लोकसंख्येने आपल्या जळगावपेक्षा लहान असे समुद्रकाठचे शहर आहे. महानगरातील धावपळ नको असलेल्या, ग्रामीण भागातून आलेल्या खेळाडूला ते मानवते. पॅट्रिक डेंजरफील्ड हा जवळच्याच मॉग्स क्रीकचा. तो आठ हंगाम ॲडलेडकडे खेळला आणि २०१५ च्या अखेरीस घरी आला. त्याच्यासाठी जिलाँगने नववा व अठ्ठाविसावा क्रमांक आणि एक तरुण खेळाडू दिला. पुढच्याच वर्षी त्याने हंगामातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे ब्राऊनलो पदक जिंकले. कॅमेरून हा राज्याच्या पश्चिम टोकाच्या डार्टमूर या खेड्यातला. ऑली हेन्री २०२२ मध्ये कॉलिंगवूड सोडून आला, कारण त्याचा भाऊ जॅक जिलाँगकडे आधीपासून होता. घराकडे ओढ घेणारा माणूस किंमत कमी करून देतो, हे आखाजीच्या बोलणीत बसलेल्या कोणालाही ठाऊक असेल.

मात्र गावाच्या ओढीने सगळे होत नाही. २०२२ च्या विजेत्या संघाकडे पाहा. तो त्या खेळाच्या इतिहासातील सर्वांत वयस्क संघांपैकी एक मानला गेला, आणि त्याने सिडनीला १३३ विरुद्ध ५२ असे लोळवले. त्या सामन्यात सर्वोत्तम ठरलेला आयझॅक स्मिथ ३३ वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी तो हॉथॉर्नकडून मोकळा खेळाडू म्हणून आला होता, म्हणजे त्याच्यासाठी एकही निवडक्रमांक द्यावा लागला नव्हता. टायसन स्टेंगलची गोष्ट त्याहून बोलकी आहे. २०२१ च्या सुरुवातीला ॲडलेडने त्याला मोकळे केले आणि तो वर्षभर लीगबाहेर राहिला. जिलाँगने त्याला फुकटात घेतले. २०२२ च्या हंगामात त्याने ५३ गोल केले, त्यांतील चार अंतिम सामन्यात. नाकारलेला माणूस आपल्याकडे नीट वागेल की नाही याचा अंदाज घेण्यासाठी घरातील वातावरणावर विश्वास असावा लागतो; तो बाकीच्या १७ क्लबांकडे नव्हता.

आणि मग जॅक बोवेस. हा व्यवहार आम्हाला स्वतःला फार आवडतो. गोल्ड कोस्ट क्लबने बोवेसचे वेतन करारातील शेवटच्या वर्षांकडे ढकलून ठेवले होते. ती वर्षे उजाडली तेव्हा मर्यादेत बसणे कठीण झाले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी जाहीर केले की जो बोवेसला त्याच्या वेतनासह घेईल त्याला आम्ही सोबत सातवा निवडक्रमांकही देऊ. आपल्याकडे जुनी मोटार ढकलण्यासाठी वर गोठ्यातली म्हैस द्यावी, तसा हा प्रकार झाला. अनेक क्लब पुढे आले, पण कुठे जायचे हे ठरवणार बोवेस, आणि त्याने नुकत्याच विजेता झालेल्या जिलाँगची निवड केली. गोल्ड कोस्टला बदल्यात मिळाला पुढच्या वर्षीच्या तिसऱ्या फेरीतील एक हलका क्रमांक. ज्याची पाळी अठरावी, तो सातव्या पाळीवर जाऊन बसला. नियम कुठेही मोडला नव्हता, तरी इतरांनी बोटे मोडली ती उगाच नव्हे.

अलीकडचे उदाहरण बेली स्मिथचे आहे. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे तो २०२४ चा संपूर्ण हंगाम खेळला नव्हता आणि वेस्टर्न बुलडॉग्जशी त्याचा करार संपला होता. जिलाँगने पहिल्या फेरीतील सतरावा क्रमांक देऊन त्याला आणले आणि २०२५ मध्ये त्याची लीगच्या सर्वोत्तम संघात निवड झाली. अंतिम सामना हरला तो हरला, पण तिथवर नेणाऱ्यांत हा वर्षभर घरी बसलेला खेळाडू होता.

प्रश्न : वेतनावर मर्यादा आहे म्हणता, पण ती पाळली जाते हे कोण पाहते? टेबलाखालून देणे-घेणे होत नाही काय? (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, धुळे)

उत्तर : झाले आहे आणि पकडलेही गेले आहे. करार लीगकडे नोंदवावे लागतात आणि नोंदीबाहेर दिलेला पैसा हा गुन्हा मानला जातो. कार्लटन या जुन्या, वजनदार क्लबने मर्यादा मोडून वेतन दिल्याचे २००२ मध्ये सिद्ध झाले. ९ लाख ३० हजार डॉलरचा दंड झाला, पण खरा मार बसला तो वेगळाच. त्या वर्षी कार्लटन इतिहासात प्रथमच तळाला गेला होता आणि म्हणून ड्राफ्टमधील पहिल्या दोन निवडी त्याच्या होत्या. त्या काढून घेतल्या गेल्या आणि पुढच्या वर्षीच्याही पहिल्या दोन फेऱ्यांतून त्याला वगळले गेले. पहिल्या क्रमांकावरचा ब्रेंडन गॉडर्ड सेंट किल्डाला मिळाला, दुसऱ्यावरचा डॅनियल वेल्स नॉर्थ मेलबर्नला. २००५ आणि २००६ मध्येही कार्लटन शेवटचाच राहिला. दहा वर्षांनी ॲडलेडने कर्ट टिपेट या खेळाडूशी केलेला छुपा करार उघडकीस आला. क्लबला ३ लाख डॉलर दंड झाला, वरचे क्रमांक गेले आणि टिपेटलाही ११ सामने बाहेर बसावे लागले. पैशाचा दंड श्रीमंत क्लब सोसतो, पण पाळी गेली की पाच वर्षे सावरता येत नाही, हे लीगने नेमके ओळखले आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने आणखी एक बाब टिपून ठेवावी. मर्यादेच्या आत राहूनही हिशोब चुकतो. २०२० मध्ये कॉलिंगवूडने ॲडम ट्रेलोरसह तीन चांगले खेळाडू जवळजवळ मिळेल त्या किमतीला देऊन टाकले, कारण मोठमोठे करार एकाच वेळी अंगावर आले होते. ट्रेलोरच्या वेतनाचा काही भाग तर तो दुसरीकडे खेळत असतानाही कॉलिंगवूडच भरत होता. सभासदांनी त्या वेळी आकाशपाताळ एक केले. तीनच वर्षांनी, २०२३ मध्ये, तोच क्लब विजेता ठरला.

प्रश्न : एवढ्या वर्षांत सर्वांत मोठा फसलेला सौदा कोणता? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : या प्रश्नावर तिथले लोक रात्र रात्र भांडतात, म्हणून उत्तर आमच्या जबाबदारीवर देतो. बहुतेक जण २००७ च्या ख्रिस जडच्या सौद्याकडे बोट दाखवतील. वेस्ट कोस्टचा हा विजेता कर्णधार मेलबर्नला परतण्यासाठी निघाला. कार्लटनने त्याच्यासाठी तिसरा आणि विसावा क्रमांक दिला आणि वर जॉश केनेडी नावाचा तरुण आघाडीपटूही दिला. जडने कार्लटनकडून २०१० मध्ये दुसरे ब्राऊनलो पदक मिळवले, पण विजेतेपद काही आले नाही. केनेडीने मात्र वेस्ट कोस्टकडून ७०० हून अधिक गोल केले, २०१५ आणि २०१६ मध्ये तो लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि २०१८ मध्ये विजेताही झाला. तरीही याला फसलेला सौदा म्हणायला आम्ही तयार नाही. वर सांगितलेल्या शिक्षेनंतर गाळात रुतलेल्या कार्लटनला बाहेर ओढायला जडसारखाच माणूस हवा होता आणि २००९ मध्ये तो क्लब पुन्हा बाद फेरीत पोहोचला.

आमच्या मते अधिक विचार करायला लावणारी जोडी वेगळी आहे. २०१३ च्या अखेरीस लान्स फ्रँकलिन हॉथॉर्न सोडून सिडनीकडे गेला, नऊ वर्षांच्या आणि सुमारे १ कोटी डॉलरच्या करारावर. हॉथॉर्नला भरपाई म्हणून केवळ एकोणिसावा क्रमांक मिळाला. सगळ्यांनी हॉथॉर्नची कीव केली. पुढच्याच वर्षी हॉथॉर्नने अंतिम सामन्यात त्याच सिडनीला ६३ गुणांनी हरवले आणि २०१५ मध्येही विजेतेपद राखले. फ्रँकलिनने २०२२ मध्ये हजारावा गोल केला (तोही जिलाँगविरुद्ध), सिडनीचे मैदान त्याने वर्षानुवर्षे भरून दाखवले, पण त्याच्या काळात सिडनी तीन अंतिम सामने हरला. दुसरीकडे टॉम बॉइड. २०१४ मध्ये केवळ एक हंगाम खेळलेल्या या १९ वर्षांच्या मुलासाठी वेस्टर्न बुलडॉग्जने आपला कर्णधार रायन ग्रिफन आणि सहावा क्रमांक दिला आणि त्याच्याशी सात वर्षांचा महागडा करार केला. तो अवघ्या २३ व्या वर्षी खेळ सोडून गेला. हिशोबाच्या वहीत हा सौदा बुडीत खाती जाईल. पण २०१६ च्या अंतिम सामन्यात त्याने तीन गोल केले, त्यांतला शेवटचा लांबून मारलेला, आणि बुलडॉग्ज १९५४ नंतर प्रथमच जिंकले. त्या क्लबच्या चाहत्याला हा सौदा फसला असे सांगून पाहावे.

प्रश्न : सातपुड्यातील आमची आदिवासी मुले धावण्यात आणि दमात कोणाला ऐकत नाहीत. हा खेळ कधी न खेळलेल्या मुलाला तिथे प्रवेश आहे काय? (क्रीडाशिक्षक, नंदुरबार)

उत्तर : नियमाने दार उघडे आहे. दुसऱ्या खेळातून किंवा परदेशातून आलेल्यांसाठी क्लबच्या यादीत वेगळ्या जागा असतात आणि त्यांना ड्राफ्टच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. या वाटेने सर्वाधिक आले ते आयर्लंडचे, कारण त्यांचा गेलिक फुटबॉल या खेळाचा चुलतभाऊ शोभेल असा आहे. डब्लिनचा जिम स्टाइन्स १९८४ मध्ये मेलबर्न क्लबकडे आला, १९९१ मध्ये ब्राऊनलो पदक विजेता झाला आणि सलग २४४ सामने खेळला. जिलाँगच्या २०२२ च्या विजेत्या संघात झॅक टूही आणि मार्क ओ’कॉनर हे दोघे आयरिश होते. बास्केटबॉल सोडून आलेला, २११ सेंटिमीटर उंचीचा अमेरिकन मेसन कॉक्स कॉलिंगवूडकडून २०२३ चा विजेता झाला. भारताचा हौशी संघ २००८ मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळून आला आहे. तेव्हा दम हा गुण मोलाचा आहेच, पण वर सांगितलेले सगळे जण झेल घेणे, उडी मारणे, धावता धावता चेंडू हाताळणे यांत आधीच तयार होते, हे लक्षात घेऊन मुलांच्या हाती निदान लंबगोल चेंडू तरी द्यावा.

प्रश्न : सोडून गेलेल्या खेळाडूला गाव माफ करते काय? (पारोळा)

उत्तर : वर ज्याचे नाव आले तो धाकटा ॲब्लेट जिलाँगकडे वाढला, तिथे त्याने २००९ चे ब्राऊनलो पदक मिळवले, आणि २०१० च्या अखेरीस नव्याने निघालेल्या गोल्ड कोस्टने मोठी रक्कम देऊ करताच तो गेला. जाताना बोलणी खाल्ली. सात हंगामांनी, २०१७ च्या अखेरीस, देवघेवीच्या त्याच बाजारातून तो परत आला आणि २०२० मध्ये अंतिम सामन्यात रिचमंडकडून हरल्यावर त्याने निरोप घेतला, तेव्हा दोन्ही संघांचे खेळाडू त्याच्यासाठी दुतर्फा उभे राहिले होते. टिम केलीचे उदाहरण वेगळे. पर्थहून आलेल्या या खेळाडूला २०१८ मध्येच घरी परतायचे होते. व्यवहार जमला नाही, तो कुरकुर न करता आणखी एक वर्ष खेळला आणि २०१९ मध्ये वेस्ट कोस्टने बरेच क्रमांक मोजून त्याला नेले. घरी जाणाऱ्याला जिलाँगने फार काही म्हटल्याचे दिसत नाही. म्हणणार तरी कसे, त्यांचा निम्मा संघ घरी परतलेल्यांचाच आहे.

ता. क. : हे सर्व थेट कसे पाहावे, असे तिघांनी विचारले आहे. बाजार सुमारे दहा दिवस चालतो, पण पहिले आठ दिवस क्लब एकमेकांच्या देकारांना हसण्यात घालवतात आणि अडून बसलेले सौदे शेवटच्या तासाभरात सुटतात. अखेरची मुदत मेलबर्नच्या घड्याळाने संध्याकाळी साडेसातची असते, म्हणजे आपल्याकडे दुपारचे २. चोपड्याच्या वाचकांनी त्या दिवशी मुलीला २ वाजून गेल्यावरच फोन करावा.